डाव्या कोपऱ्यातली बाई

"वासंती, हनुवटी थोडी खाली घे. आणि हसू नको गं."

"हसू नको? मग फोटो कशाला काढतेस, आधार कार्डाला?"

शेजारची वासंती स्टुलावर अवघडून बसली होती. फोटो म्हटल्यावर पावडर लावून, ठेवणीतली साडी नेसून आली होती. शालनने तिला खिडकीशी आणखी सरकवलं. अर्धा चेहरा उजळला, अर्धा सावलीत गेला.

फोटो बघून वासंती हिरमुसली. "अर्धी काळीच दिसते की मी! आणि अशी एका बाजूला का ढकललीस? मधोमध घ्यायचं ना."

"मधोमध सगळेच घेतात," शालन म्हणाली, आणि आपण हुबेहूब क्लासच्या सरांसारखं बोललो हे लक्षात येऊन तिचं तिलाच हसू आलं.

कल्याणच्या एका हॉस्पिटलात जन्मभर वॉर्ड सांभाळून शालन रिटायर झाली होती. नवरा, रवींद्र, त्याआधीच गेलेला. डोंबिवलीतल्या मानपाडा रोडच्या फ्लॅटमध्ये आता ती एकटी. मुलगी प्रियांका सिनेमाच्या कामात. अंधेरीला मैत्रिणींबरोबर राहायची. पूर्वी ती आपण काढलेले फोटो, छोट्या छोट्या फिल्म आईला पाठवायची. शालन न चुकता उत्तर द्यायची, 'छान आहे.' एकदा प्रियांका फोनवर वैतागलीच. "मम्मी, नुसतं छान छान नको ना बोलूस. काय छान आहे ते तरी सांग." शालनला सांगता आलं नाही. हळूहळू पाठवणंच थांबलं. फोन यायचे, पण 'जेवलीस का' आणि 'बीपीची गोळी घेतलीस का' यापुढे गाडी जायची नाही.

म्हणून ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोमागे दर रविवारी चालणाऱ्या फोटो-सिनेमाच्या क्लासला तिने नाव घातलं. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं, ही कुणाला तरी सोडायला आलीय. शिकवणारे सर्वेश सर तिच्या मुलीच्या वयाचे. सिनेमातला एखादा प्रसंग ते आवाज बंद करून लावायचे, मध्येच थांबवायचे आणि विचारायचे, "माणूस कुठे ठेवलाय? केवढा ठेवलाय? आणि का?" सुरुवातीला शालनला नटीची साडी तेवढी दिसायची. मग एका रविवारी पडद्यावरच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर दाराची चौकट टेकल्यासारखी दिसली आणि ती पटकन बोलून गेली, "सर, याला घर पुरत नाहीये." सर म्हणाले, "बरोबर!" डोंबिवली येईपर्यंत ती बसमध्ये तो एक शब्द उराशी धरून बसली होती.

प्रियांकाला मात्र तिने काहीच कळू दिलं नव्हतं. नीट जमायला लागलं की सांगू, असं चाललं होतं.

डिसेंबरात प्रियांकाचाच फोन आला. "मम्मी, माझी शॉर्ट फिल्म दाखवतायत ठाण्यात, शनिवारी. बोअर होशील बहुतेक, पण ये."

शालन वेळेआधीच जाऊन बसली. आज 'छान' म्हणायचं नाही, काहीतरी नीट बोलायचं, हे तिने रिक्षातच ठरवून टाकलं होतं.

दिवे मालवले. पडद्यावर स्वयंपाकघर आलं. एक बाई ओट्याशी उभ्याउभ्याच पातेल्यातून आमटीभात खात होती. ताटसुद्धा घेतलं नव्हतं. कॅमेरा लांब, दाराबाहेर ठेवलेला. बाई डाव्या कोपऱ्यात, एवढीशी. उरलेला अख्खा पडदा म्हणजे भिंत, बंद फ्रिज आणि खिळ्याला अडकवलेली कापडी पिशवी. कितीतरी वेळ चित्र तसंच राहिलं.

मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. शालन मात्र पुढे सरकून बसली. घरी ती अशीच उभ्याउभ्या, पातेल्यातूनच जेवायची. मे महिन्यात प्रियांका दोन दिवस राहायला आली होती. दुपारी झोपली होती, निदान शालनला तसं वाटलं होतं. पोरगी उठून दारापर्यंत आली असणार. उभी राहून बघितलं असणार, आणि आत न येता तशीच परत गेली असणार.

क्लास केला नसता, तर एक बाई जेवतेय एवढंच तिला दिसलं असतं.

फिल्म संपल्यावर बाहेर व्हरांड्यात प्रियांकाभोवती गर्दी झाली. त्यातून वाट काढत ती आईजवळ आली. "कसं वाटलं, मम्मी?" विचारता विचारता तिने कुणालातरी हात केला.

"तिला एवढं लांब का ठेवलंस?" शालनने विचारलं. "एकदाही जवळ गेली नाहीस."

प्रियांकाचा हात खाली आला. "तुला... तुला हे कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? क्लास लावलाय मी. इथेच, खोपटला. पावसाळ्यापासून."

प्रियांका मान खाली घालून हळूच म्हणाली, "जवळ जायला नाही जमलं मला. त्या दिवशी पण मी दारातच... म्हणजे मला वाटलं—"

"प्रियांका! चल ना यार, ग्रुप फोटो राहिलाय!" तिचा कॅमेरावाला मयूर धावत आला आणि तिला ओढतच घेऊन गेला. जाता जाता त्याने आपला फोन शालनच्या हातात दिला. "काकू, प्लीज, एक काढता?"

शालनने फोन घेतला. "भिंतीला चिकटू नका रे. पुढे या, उजेडात. ए चष्मेवाल्या, मान जरा खाली."

पोरं हसत हसत सरकली, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभी राहिली. शालनने फोन समोर धरला आणि त्याच्यावरून पलीकडे बघितलं. प्रियांका कडेला होती. बाकी सगळे फोनकडे बघत होते; ती आईकडे बघत होती. डोळे भरलेले, पण नजर हलत नव्हती.

"काकू, काढला का?"

शालनचं बोट बटणावर होतं.

"नाही अजून," ती म्हणाली. "कुणी हलू नका."