उलटा धरलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. आधीच सांगून टाकतो, मी जन्मात एकदाही वाजलो नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला त्याची तिळमात्र लाज नाही!

माझा जन्म एका फोटो स्टुडिओतला. मालक समोर बसलेल्या प्रत्येकाला "हसा, हसा" म्हणायचे, म्हणून सगळे त्यांना हसरेकाका म्हणत. शेजारी फोन असला की माणूस ऐटीत दिसतो, असं त्यांचं ठाम मत. खरा फोन मिळेना, तेव्हा एका सुताराने कपाटाच्या मोडक्या दारातून मला घडवलं. मला काळा रंग दिला, आकडे ब्रशने काढले आणि रिसीव्हरच्या बोलायच्या टोकाला एक काळी दोरी ठोकली.

मग काय विचारता! नवरा-नवरी, पैलवान, निवृत्त मास्तर, सगळ्यांनी मला कानाला लावलं. "खोटा आहे हो!" म्हणून नाक मुरडणारेही फोटोच्या वेळी मलाच जवळ ओढायचे.

एकदा एक बाई आली. ती एका हॉटेलात चादरींना इस्त्री करायची. मनगटावर चटक्यांचे डाग होते. सोबत पाच वर्षांची लेक. बाईने फोन कधी हातातच धरला नव्हता, त्यामुळे तिने रिसीव्हर उचलला तो उलटा. दोरी थेट कानापाशी लोंबू लागली. हसरेकाका सरळ करायला पुढे झाले, तेवढ्यात ती ठणकावून बोलली, "हॅलो, साहेब? उद्या मी कामाला येणार नाही. नाही म्हणजे नाही!"

आणि स्वतःच खळखळून हसली. लेकही टाळ्या पिटत हसली. काका जागच्या जागी थांबले आणि त्यांनी गुपचूप बटण दाबलं.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आले. मी माळ्यावर गेलो. हसरेकाकाही देवाघरी गेले. परवा त्यांच्या मुलीने स्टुडिओ रंगवायला काढला आणि मला भंगाराच्या पोत्यात कोंबलं. कोंबू दे! मीही काही कमी नाही. दोरी बाहेर लोंबती ठेवूनच बसलो.

तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. एक छोटासा फोटो पुढे करून म्हणाल्या, "हा मोठा करून हवाय. गेल्या महिन्यात आई गेली. तिचा एवढा एकच फोटो आहे."

काकांच्या मुलीने तो निरखून पाहिला. "काकू, ह्यात फोन उलटा धरलाय. कॉम्प्युटरवर सरळ करून देऊ का?"

माझ्या काळजात धस्स झालं. लाकडाला काळीज नसतं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

"अजिबात नाही!" बाई ताडकन म्हणाल्या. "जन्मभर तिने दुसऱ्यांच्या चादरींच्या सुरकुत्या काढल्या. तिच्या फोटोतलं काही सरळ करायचं नाही."

बोलता बोलता त्यांची नजर पोत्यावर गेली. "अगं बाई! ही दोरी... हा तर तोच!" त्यांनी मला ओढून काढलं, बाहीने पुसलं आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. रिसीव्हर कानाला लावला.

"काकू, तुम्हीही उलटाच धरलाय."

"ठाऊक आहे. फोटो काढ तू."

मग त्या माझ्यात बोलल्या, "हॅलो, साहेब? आई उद्या येणार नाही." डोळे भरून आले. तरी त्या हसल्या, अगदी आईसारख्या.

काकांच्या मुलीने बटण दाबलं. मग हळूच म्हणाली, "घेऊन जा हा तुम्ही."

"नको गं. पुढच्या महिन्यात माझी लेक येतेय, तिचाही फोटो काढायचाय. इथेच ठेव, दर्शनी काचेत."

आता मी काचेत बसलोय, ऐटीत. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकताना ती चालते का, एवढंच बघू नका. ती हातात घेऊन कोण हसलं होतं, तेही विचारा. आणि मला पुन्हा पोत्यात घालायला कुणी आलंच, तर माझं उत्तर तयार आहे. एका इस्त्रीवालीनेच शिकवलंय ते.

नाही म्हणजे नाही!