पान न हलणारं खातं

गजेंद्र शिर्क्यांच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर त्या महिन्यात बघवत नव्हतं. एकादशी, चतुर्थी, दूधवाल्याचे खाडे, सगळं लाल फुल्यांखाली गेलेलं. रोज सकाळी वाघोडियाच्या कारखान्याची बस पकडायच्या आधी गजेंद्र बुटांसकट आत यायचा, पुसलेल्या फरशीवर माती सांडायचा, एक फुली मारायचा आणि कॅलेंडरलाच नमस्कार करून पळायचा. अठ्ठावीस फुल्या व्हायच्या होत्या. त्या झाल्या की त्याची यशश्री विलायतेला जायला मोकळी.

भानगड अशी, की पोरीला तिकडच्या एका विद्यापीठात जागा मिळाली होती. पण तिथल्या सरकारचं म्हणणं, शिकायला येताय ना, मग फीचे आणि राहण्या-जेवण्याचे पैसे आहेत ते दाखवा. नुसते दाखवून भागत नाही. अठ्ठावीस दिवस सलग खात्यात पडून राहिलेले दाखवा. तेवीस लाख! पादरा गावातला प्लॉट विकला, पीएफ उपसला, बायकोच्या, वसुंधराच्या भावापुढे हात पसरला, तेव्हा कुठे आकडा जुळला. त्या प्लॉटवर रिटायर झाल्यावर दोन खोल्या बांधून अंगणात लिंबू लावायचं नवरा-बायकोचं ठरलं होतं. लिंबू राहिलं, पोरगी निघाली.

पैसे ठेवायचे कुणाच्या खात्यात, यावर बराच खल झाला. गजेंद्रच्या खात्यातून घराचा हप्ता, विमा, लाईट बिल, काय काय आपोआप कापलं जाई. अलकापुरीत व्हिसाचं काम बघणारी स्नेहलबेन म्हणाली, जिथे काहीच हालचाल नाही असं खातं द्या. तेव्हा वसुंधराचं खातं निघालं. तिथे वर्षाकाठी व्याज जमा होई, बस. पान हलत नसे. बँकेचा मेसेज म्हटला की तिला धडधडायचं म्हणून नंबरसुद्धा यशश्रीचा दिलेला. गजेंद्र हसून म्हणाला होता, या खात्याइतकं भरवशाचं खातं अख्ख्या बडोद्यात मिळायचं नाही.

आता बघा, माणूस बोलतो एक आणि होतं एक.

स्नेहलबेनच्या ऑफिसात बाप-लेक गेले, त्या दिवशी वसुंधरा घरी प्लंबरची वाट बघत बसली होती. तिला संध्याकाळी एवढंच सांगण्यात आलं, की त्या पैशांना हात लावायचा नाही. ती म्हणाली, मी कशाला लावतेय? आणि नवव्या दिवशी, मंगळवारी, समोरच्या रखमाबाईंना सोबत घेऊन ती पावागडच्या देवीला गेली. जाताना वासण्याच्या नाक्यावरच्या एटीएममधून तिने अकराशे रुपये काढले. त्याच खात्यातून.

तुम्ही म्हणाल, बाई वेडी का? वेडी नव्हे हो. तिच्या सासूबाई, इंदिराबाई, आता नाहीत, पण त्यांचा दंडक होता: ज्या पैशाचं काम, त्याच पैशातला पहिला घास देवीचा. पगार झाला, त्यातून. घर घेतलं, त्या पैशातून. दुसऱ्या पैशातून दिलेलं देवीला पोचत नाही. यशश्रीच्या वेळच्या बाळंतपणासाठी साठवलेल्या पैशातूनसुद्धा इंदिराबाईंनी आधी पावागडची वारी केली होती. मग पोरगी सातासमुद्रापार जायची, तेव्हा देवीला विसरायचं? आणि देवीला दिलं म्हणजे काय खर्च झाला? वसुंधराच्या हिशेबी ते हात लावणं नव्हतंच. उडनखटोल्याच्या रोपवेने वर गेली, मशीनमधले अकराशे आणि वरचा रुपया बटव्यातला असे अकराशे एक पेटीत टाकले आणि पोरीला सुखरूप पोचव म्हणून हात जोडले. घरी प्रसाद आणला. बाप-लेकींनी तो खाल्ला. कुणी काही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

सोळाव्या फुलीच्या दिवशी गजेंद्र जेवताना सांगू लागला. कारखान्यात त्याच्या बरोबरीचा विक्रमसिंह म्हणून आहे, त्याच्या मुलाचा व्हिसा गेल्या वर्षी नाकारला गेला. का? तर त्याच्या खात्यातून लाईट बिल परस्पर कापलं गेलं आणि शिल्लक एका दिवसापुरती तीनशे रुपयांनी खाली गेली. तीनशे! म्हणून आपण अगदी मोजून ठेवलेत, गजेंद्र भात कालवत म्हणाला, लागतात त्याहून सहाशे रुपये वर. स्नेहलबेनने बजावून सांगितलंय, काही चूक झालीच असेल तर येत्या शनिवारपर्यंत पैसे भरून नव्याने अठ्ठावीस दिवस धरता येतील. शनिवार गेला की हे वर्ष गेलं, आणि भरलेली आगाऊ फीही बुडाली.

वसुंधराच्या हातातला डाव आमटीतच राहिला. सहाशे वर आणि अकराशे काढलेले, हे गणित करायला कॉलेजात जावं लागत नाही. तिने यशश्रीकडे पाहिलं. बँकेचा मेसेज तिच्या फोनवर गेला असणार. पण पोरगी मान खाली घालून पापड मोडत होती. दिवसभर त्या फोनवर शंभर मेसेज पडतात, गेला असेल एखादा नजरेआडून.

आत्ता सांगावं, असं मनात आलं. तोंड उघडलंसुद्धा. आणि तिने विचारलं काय, तर भात वाढू का.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी तिला भीती वाटली ती नंतर. पहिल्यांदा वाटलं ते वेगळंच, आणि ते तिने देवासमोरसुद्धा कबूल केलं नसतं. तिला हलकं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती आडवी पडली आणि तिला झोप लागली. पोरगी जात नाही. दिवाळीला इथेच असेल. सकाळी चहाचा कप धुवायचा ठेवून तशीच निघून जाईल आणि आपण मागून ओरडू. सकाळी जाग आली तीच शरमेने. नवऱ्याने प्लॉट विकला, भावाने मुदतठेव मोडली, आणि आई म्हणवणारी बाई गाढ झोपते!

मग सुरू झाली तिची घालमेल. बुधवारी ती पासबुक घेऊन बँकेत गेली. म्हटलं, डोळ्यांनी बघू तरी, किती खाली गेलंय. रांगेत उभी राहिली आणि नंबर जवळ आला तशी पाय काढून घरी आली. गुरुवारी परत गेली, तर पासबुकाचं मशीन बंद. शिपाई म्हणाला, काले आवजो बेन, म्हणजे उद्या या. तिला एवढा आनंद झाला, की तिने त्याला थँक्यू म्हटलं. घरी येऊन भाजीत दोनदा मीठ घातलं. रखमाबाईंनी विचारलं, लेक लंडनला चालली म्हणून जिवाला घोर लागला का गं? सगळी विलायत रखमाबाईंना लंडनच. वसुंधरा त्यांच्यावर उगाचच खेकसली, आणि मग वाटीभर गूळपापडी देऊन आली.

शुक्रवारी सांगू, मनाशी म्हणाली. शुक्रवारी गजेंद्र पोरीसाठी मोठी बॅग घेऊन आला. चाकं फिरवून फिरवून दाखवत होता. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याला मस्कतची नोकरी चालून आली होती आणि वडिलांनी जाऊ दिलं नव्हतं, हे त्याने त्या दिवशी शंभराव्यांदा सांगितलं. माझ्या पोरीला कोणी अडवणार नाही, म्हणाला. वसुंधराने ओठावरचे शब्द गिळले. शनिवारी सकाळी सांगू.

शनिवारची सकाळ गेली, दुपार गेली. पाचला स्नेहलबेनचं ऑफिस बंद होतं, हे तिला ठाऊक होतं. साडेचारला गजेंद्र हॉलमध्ये पेपर वाचत होता, हाकेच्या अंतरावर. वसुंधरा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून घड्याळाकडे बघत उभी राहिली. पाच वाजले. सव्वापाचला तिने चहा टाकला.

इथे मात्र तिची बाजू मलाही घेता येत नाही. पावागडची चूक ही चूक होती. शनिवारची चूक नव्हती. तिला कळत होतं, तिने केलं, आणि ते तिला आतून कुरतडायला लागलं. पुढचे पाच दिवस ती घरात एका जागी टिकली नाही. दहा वेळा गच्चीवर जायची. यशश्रीबरोबर द्यायला म्हणून तिने छुंदा घातला होता, कैरी, साखर आणि तिखट, रोज उन्हात ठेवून ढवळायचा. जो छुंदा न्यायला कुणी जाणारच नाही, तो ती रोज ढवळत होती. कॅलेंडरवर फुली पडली की तिला वाटे, आपल्याच कपाळावर पडली.

सव्विसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, यशश्री आपणहून गच्चीवर आली. बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं तिने सोडलं, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, अजून दोन उन्हं लागतील.

झालं. वसुंधराचा बांध तिथे फुटला. पावागड, एटीएम, अकराशे रुपये, सोळावा दिवस, शनिवार, सगळं तिने सांगून टाकलं. क्रम चुकला, मध्येच रडली, पदराने डोळे पुसले तर पदराला लागलेलं तिखट डोळ्यांत गेलं. शेवटी म्हणाली, तुझं वर्ष मी घालवलं, मला काय बोलायचं ते बोल, पण बाबांना मीच सांगणार.

यशश्री टाकीच्या कठड्यावर बसली. चिडली नाही, दचकली नाही.

"मेसेज त्याच दिवशी आला होता, आई. तू बसमध्ये असशील तेव्हा."

वसुंधराने चमचा उचलून उगाचच छुंदा ढवळायला घेतला.

"आणि वर्ष वगैरे काही गेलेलं नाही. पहिल्याच दिवशी मी त्यात माझे पाच हजार टाकले होते, ट्यूशनचे. बाबांनी सहाशे वर ठेवले म्हटल्यावर मला घाम फुटला. मला माहीत होतं तू पावागडला जाणार. आणि काढणार त्याच खात्यातून. आजीचा नियम तू मोडशील होय? अकराशे की एकवीसशे, एवढंच कळत नव्हतं, म्हणून पाच टाकले."

वसुंधरा हातात लाकडी चमचा घेऊन तशीच उभी. पाक कोपरापर्यंत ओघळला. एवढे दिवस जीव मुठीत धरून फिरलो आणि पोरीने आपली चूक व्हायच्या आधीच भरून ठेवलेली! तिला हसू आलं, रागही आला.

मग मेल्ये, तेव्हाच का नाही सांगितलंस, असं तिने विचारलं. दहा दिवस आई झुरताना दिसत नव्हती का?

यशश्रीने बरणीचं फडकं पुन्हा बांधायला घेतलं. गाठ दोनदा बसेना.

"सांगणार होते. शनिवारी दुपारी तुझ्याकडे येतच होते. तू घड्याळाकडे बघत उभी होतीस. पाच वाजले तरी बोलली नाहीस. मग मी नाही आले." तिने गाठ ओढून घट्ट केली. "दोन महिने सगळे मला पाठवायच्या मागे लागलेत. बॅग, तिकीट, फी. जाऊ नको म्हणणारं घरात एक माणूस नव्हतं. त्या दिवशी कळलं, आहे. मला बरं वाटलं, आई."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. वसुंधरा पोरीशेजारी बसली. पोरगी भ्यायलीय, हे तिला आत्ता दिसलं. नखं कुरतडून बोटं लाल केली होती. लहानपणी परीक्षेच्या आधी करायची तशीच. आणि आईचं लक्ष कुठे, तर पासबुकात.

यशश्री म्हणाली, अजून आज धरून तीन दिवस आहेत. खात्यात साडेचार हजारच वर आहेत. पाच काढलेस की सगळं संपलं, आणि कुणी तुला विचारणार नाही. मीही नाही. तू म्हणालीस तर मी इथेच राहते, वाघोडियाला बाबांच्याच कारखान्यात बघते काहीतरी.

हे तिने हसत म्हटलं, पण हसणं तोंडापुरतंच होतं. वसुंधराने तिच्याकडे नीट पाहिलं. या घरात पंचवीस वर्षं ती राबली. नवऱ्याला तिच्या चहात साखर किती लागते हे अजून माहीत नाही. आणि ही पोरगी, आई कोणत्या वारी कुठे जाईल, कोणत्या खात्यातून किती काढेल, कुठे चुकेल, सगळं ओळखून आठवडाभर आधीच तजवीज करून ठेवते. असं माणूस जन्मात एकदा मिळतं. आणि तेच उठून चाललंय. हा खर्च ना गजेंद्रने धरला होता, ना स्नेहलबेनने.

तिने कंबरेचा बटवा काढला. सुपारी, देवीचा अंगारा, सुटी नाणी आणि खाली दडपलेलं एटीएमचं कार्ड. ते तिने पदराला पुसलं आणि पोरीच्या हातात कोंबलं.

"हे तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "रविवार अजून लांब आहे. माझा काही भरवसा नाही."