हवेचा तडाखा

बंद पडलेल्या थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पांढऱ्या दाढीचे मास्तर उभे, समोरून सात शिष्य आरडाओरडा करत धावून येत होते. मास्तरांनी दाणकन पाय आपटून हवेत पंजा झटकला. हात न लावता सातही जण आडवे! शिट्ट्यांनी छत दणाणलं.

"कुंग-फूचे पिक्चर बघून हसलात ना? तो इतिहास होता, बाळांनो! पोटातली शक्ती पंजात, पंजातली हवेत, हवेतली शत्रूच्या बरगडीत!" मास्तर गरजले.

मागच्या रांगेत बसलेली व्यायामशिक्षिका दातओठ खात होती. सातांतला सगळ्यांत झोकात पडणारा तिचा धाकटा भाऊ होता. लहानपणी दोघांनी याच खुर्च्यांवर ते पिक्चर पाहिले होते. त्यांत सगळ्यांचा मार खाणारं काटकुळं पोरगं म्हाताऱ्या गुरूकडे शिकतं आणि चाळीस गुंडांना लोळवतं. वर्कशॉपमध्ये रोज टपल्या खाणाऱ्या भावाला याहून गोड काय लागणार?

ती सरळ मंचावर चढली. "मास्तर, यांचे डोळे बांधू. आता आवाज न करता मारा."

"बांधा, बांधा!" गर्दीला गंमत हवीच होती. पट्ट्या बांधल्या. मास्तरांनी पंजा झटकला. पुन्हा झटकला. सातही खांबासारखे उभे. मास्तर घाम पुसायला वळले, तसा तिनेच दाणकन पाय आपटला. सातही कोसळले.

लोक पोट धरून हसले.

"बाईंच्या अश्रद्धेनं हवा नासली," मास्तर खेकसले.

भावाने पट्टी ओरबाडली. "ताई, माझी शोभा केलीस! माझ्यात शक्ती आहे. या, कुणीही या!"

गर्दीतून वर्कशॉपचा फोरमन आला. टपल्या मारणारा तोच. भावाने पंजा झटकला. फोरमनने ठोसा मारला. ताई मध्ये पडेपर्यंत जबडा मोडला होता आणि मास्तर मागच्या दाराने पसार झाले होते.

हॉस्पिटलात, तारांनी तोंड बांधलेल्या भावाने कागदावर लिहिलं, 'मनात शंका आली, म्हणून चुकलं.'

थिएटरातला हशा ताईनेच पिकवला होता. तरी ती बोललीच.

"मास्तरांकडे पहिल्या दिवशी किती जण आला होतात?"

'तीस.'

"जे पडले नाहीत, त्यांचं काय झालं?"

'घरी पाठवलं.'

"म्हणजे उरले ते पडणारेच. शक्ती मास्तरांच्या पंजात नव्हती रे, तुमच्या भाबडेपणात होती."

तो रडू लागला. हुंदक्यानेही जबडा दुखत होता.

"पिक्चर बघ, शिट्ट्या मार. मीही मारीन. पण तिथल्या गुंडाला कधी पडायचं ते आधी सांगून ठेवलेलं असतं. वर्कशॉपातल्या गुंडाला कोण सांगणार? चमत्कार दिसला की आधी तपासायचं, मग टाळ्या."