नाव कापलेली ओवी

तूवाचं गाणं तिकडे गाजत होतं, आणि इकडे गंधार बहिणीचा एकच मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होता.

तूवा स्वीडनची. माल्मोतल्या इमारतीच्या धुलाईखोलीत, मशीनच्या घरघरीत रॅप करणारी पोरगी. पहिली गाणी तिच्या मैत्रिणींनीच तेवढी ऐकली. मग इंटरनेटवर तिला गंधार भेटला. कतारमधल्या अल वक्राच्या फ्लॅटमधून, आयटीची नोकरी सांभाळून त्याने तिला ठेका दिला आणि ठेक्याच्या मधोमध एका बाईचा आवाज ठेवला. तूवाने विचारलंही, "ही कोण गाते? शब्द कुणाचे?"

"जुनं लोकगीत आहे," त्याने लिहून टाकलं. "कुणाचंच नाही."

आवाज आईचा होता. मृणालिनीबाई भाकरी थापताना गात होत्या, आणि ओट्यावर फोन ठेवून त्याने तो गुपचूप टिपला होता.

दाराला घातली कडी, कडी माझ्याच हाताची
उंबऱ्याशी उभी लेक, लेक माझ्या पोटाची
ऐकते का रुचाबाई, झोप मोडली रातीची

जुन्या चालीवर बसली की कालची ओवीही शंभर वर्षांची वाटते. पण ही आईनेच जोडलेली. गंधारच्या बहिणीने, रुचाने, आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा आईने खरंच दार लावून घेतलं होतं. रुचा आता समैस्माला, तासाभराच्या वाटेवर. पण आईच्या तोंडी तिचं नाव नाही. ते फक्त परातीतल्या पिठाला ठाऊक.

तिसरी ओळ ठेक्यात लंगडत होती. गंधारने ती कापली. नाव गेलं, आणि ओवी कुणाचीच उरली नाही.

काल ते गाणं ऐकून रुचाचा मेसेज आला : "दादा, आवाज आईचा ना? माझ्यासाठी गाते का रे ती?"

हो म्हणावं तर चोरी उघडी पडते. नाही म्हणावं तर जीभ झडावी.

"काय रे, तोंड का असं?" शुक्रवारची सकाळ, आई पीठ मळत होती. "ऑफिसवाल्यांनी नोकरी खलास केली की काय?"

"आई, हे ऐक."

फोनमधून घोड्यासारखी दौडत आली तूवाची स्वीडिश, आणि मागून आईचाच आवाज. पीठभरले हात परातीतच थांबले.

"पुढची ओळ कुठाय?"

"कापली. ठेक्यात बसत नव्हती."

"घरातही बसत नव्हती ती. आधी मी कापली, मग तू. माझाच ना रे तू!"

शिवी दिली असती तर बरं, असं त्याला झालं.

"पूर्ण ओवी रुचाला पाठवू?" या वेळी त्याने आधी विचारलं.

आईने होकारार्थी मान हलवली. त्याने पाठवली, खाली लिहिलं, "हो, तुझ्यासाठीच." मग तूवाला खरं काय ते कळवलं : गाणं इंटरनेटवरून उतरव.

"पहिल्यांदाच लोक माझं नाव घेताहेत, गंधार," तिचं उत्तर आलं. थोड्या वेळाने आणखी एक : "उतरवते. पण मी विचारलं होतं ना तुला?"



तवा तापला. आईने गोळा हातावर घेतला.

"आई, गा ना."

"आधी तो फोन बाहेर ठेवून ये."

तो बाहेर ठेवून आला आणि दाराशी उभा राहिला. आतून नुसता भाकरी थापल्याचा आवाज येत होता.