यादीतले चौदावे

"वहिनी, कुणाला खाली ढकलू ते तुम्हीच सांगा," म्हणत नव्या कारकुनानं रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं.

डायलिसिसची यादी होती ती. इस्पितळात मशिनं आठ. कुणी गेलं किंवा कुणाला किडनी मिळाली, तरच एक जागा मोकळी व्हायची. बावीस वर्षं ही यादी माझ्या नवऱ्यानं सांभाळली. मोठमोठ्यांच्या चिठ्ठ्या आल्या, माझा सख्खा भाऊ पाया पडून गेला, पण यांनी एक नाव वरखाली केलं नाही. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत यांच्याच किडन्या बसल्या. यादीत नंबर चौदावा! खासगीत जायची आमची ऐपत नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पंधरा दिवस, फार तर.

"मला नावं वाचायचीच नाहीत," मी म्हटलं. "यांना पहिलं घाला. बाकीचे सगळे एकेक खाली."

त्यानं घातलं. दुसऱ्याच दिवशी जागा मोकळी होती. मला लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. तत्त्व म्हणे! तत्त्वाचे पाय सुजत नाहीत, तत्त्वाला उलट्या होत नाहीत. ज्याला होत होत्या त्याची बायको मी आहे.

यांना सांगितलं, नंबर लागला. डोकं ठिकाणावर असतं तर पुढची तेरा माणसं कुठे गेली म्हणून माझी उलटतपासणीच घेतली असती. पण अंगात विष भिनलेलं, आज वार कोणता तेही आठवत नव्हतं. मुकाट्यानं टॅक्सीत बसले.

डायलिसिसच्या दारासमोर बाकावर एक शिंपीणबाई बसली होती. कामावरून तशीच उठून आलेली, गळ्यात मापाची टेप. हे तिच्याशेजारी टेकले आणि बावीस वर्षांच्या सवयीनं विचारलं, "बाई, तुमचा कितवा?"

"परवापर्यंत पहिला होता, साहेब. काल विचारलं तर म्हणाले, दुसरा. का, ते कुणी सांगत नाही."

हे माझ्याकडे वळले. कितीतरी दिवसांनी नजर स्वच्छ होती. मेली नेमकी तेव्हाच!

दार उघडून कारकुनानं यांचं नाव पुकारलं. हे भिंत धरून उठले आणि त्या बाईला म्हणाले, "जा तुम्ही. नंबर तुमचा आहे." कारकून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तिकडे काय बघतोस? बाईंना आत घे!" हे त्याच्यावर खेकसले. ती गेली.

"अहो, मरायला निघालात का?" मी भर व्हरांड्यात ओरडले. "तिचा एवढा पुळका, आणि माझं काय?"

"बावीस वर्षं लोकांना थांबा म्हणालो मी. थांबता थांबता किती गेले, तुला माहीत आहे? त्यांना काय सांगू आता?"

"ते मेलेत! कोण येणार आहे जाब विचारायला?"

"म्हणूनच गं," म्हणाले आणि मटकन खाली बसले.

त्यानंतर अकरा दिवस मिळाले. त्यातले दोन मी अबोल्यात घालवले, आणि त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

इस्पितळानं शोकसभा घेतली. अधीक्षक गहिवरून म्हणाले, "जिवापेक्षा तत्त्व मोठं, हे त्यांनी दाखवून दिलं." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

मी उठले. "साहेब, बावीस वर्षांपूर्वी मशिनं किती होती?"

"वहिनी, हा विषय आत्ता..."

"आठ. आणि आज? आठच! तुमच्या केबिनची फरशी मात्र तीनदा बदलली. तत्त्व यांनी पाळायचं, जीवही यांनीच द्यायचा, आणि तुम्ही नुसतं गहिवरायचं? चार मशिनं जास्त घेतली असतीत, तर जीव मोठा की तत्त्व, हे त्या माणसाला ठरवावंच लागलं नसतं!"

"बसा वहिनी. तुम्ही दुःखात आहात."

"दुःख माझं घरी आहे. इथे मी रागात आहे," मी म्हटलं, आणि बसले नाही.

मागच्या रांगेतून शिंपीणबाई उठली. हातावर सुयांच्या जागी पट्टी होती. ती येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना. अजूनही बघवत नाही. अधीक्षकांनी घाईघाईनं आभार मानले, खुर्च्या सरकल्या, लोक बाहेर पडायला लागले. आम्ही दोघी उभ्याच होतो.