मुक्काम पोस्ट शीरचश्मा

विट्याजवळच्या त्या गावात जत्रेच्या कुस्त्यांना माइकवर केरबाच लागायचा. पैलवान मैदानात उतरला की केरबा त्याचं नाव, गाव आणि तालुका सांगणार. मगच लोक त्याला पैलवान मानणार. बिनगावाचा पैलवान त्यानं आजवर पाहिला नव्हता.

यंदा आला. नजीब, मूळचा अफगाणिस्तानचा. लढाईत घर गेलं, तेव्हा आईला घेऊन दिल्ली गाठली. गेली दोन वर्षं विट्याच्या तालमीत होता. जत्रा कमिटीचे अध्यक्ष राजवर्धन यांनी पोस्टरवर त्याला 'इराणचा मल्ल' करून टाकलं. इराणच्या मल्लाला गर्दी होते, निर्वासिताला नुसती हळहळ.

"केरबाकाका, मी इराणचा न्हाई," नजीब म्हणाला. मराठी तालमीतच शिकलेला. "माझं गाव शीरचश्मा. तिथं आता कुणी राहत न्हाई. आई दिल्लीत मोबाइलवर बघतीया. गावाचं नाव तेवढं घ्या की."

"घेतो की. तालुका?"

"केरबा, पोस्टरवर हाय तेच बोलायचं," राजवर्धन मध्येच म्हणाले. "जिंकला तर मग घे त्याचं गाव."

समोर कोरेगावचा साईराज, अंगानं दीडपट. हलगी कडाडली. नजीब दोनदा खाली सापडला, दोनदा निसटला. एकदा त्यानं साईराजला उचललाही. पण कुणाचीच पाठ काही मातीला लागेना. सावल्या लांबल्या, तसे पंच कंटाळले आणि त्यांनी कुस्ती बरोबरीत सोडवली.

नजीब मान खाली घालून निघाला. केरबानं माइक फुंकला.

"मंडळी, बरोबरीत कुणीच हरलेलं न्हाई. तवा दोघांचीबी गावं घ्यायची, असा जुना रिवाज हाय!"

हा रिवाज राजवर्धन पहिल्यांदाच ऐकत होते. खरं तर केरबासुद्धा.

"साईराज, कोरेगाव, तालुका कोरेगाव. आणि नजीब, गाव शीरचश्मा!"

"तालुका कुठला रं?" गर्दीतून आवाज आला.

"लय लांबचा हाय गड्या. टाळ्या वाजीव!"

टाळ्या पडल्या. इराणची चौकशी कुणीच केली नाही. राजवर्धन मात्र पोस्टरकडे बघत राहिले.

नजीब फोन कानाला लावून परत आला. डोळे पुसले होते की माती, ते कळत नव्हतं.

"काका, आई म्हणतीया, नेमकं तवाच नेट अडकलं. परत एकदा घ्याल का?"

दुसऱ्यांदा नाव पुकारायला केरबाला एरवी देणगी लागायची. त्यानं घसा साफ केला आणि माइक पुन्हा तोंडाशी धरला.