मागे वळलेला कान

२०१९ साल. जयवंतराव जाऊन तीनच महिने झाले होते, आणि गुजरातेतल्या गोत्रीच्या घरामागच्या पत्र्याच्या छपरात त्यांचा धाकटा भाऊ समरजित घोड्याच्या फायबरच्या साच्यावर टिचक्या मारत उभा होता.

"वहिनी, परवा टेम्पो पाठवतो. माझ्या घोड्यांच्या नव्या शेडच्या उद्घाटनाला दादाचा साचा पाहिजे ने!"

"कुणाचा?" राजेश्वरीने रेझिनचा डबा खाली ठेवला.

"दादाचाच ने. तुम्ही मदत करायच्या, ते पण छापलंय." त्याने रंगीत पत्रक पुढे केलं. वर जत्रेतल्या चक्रपाळण्याचा घोडा, खाली ‘घडवणारे : जयवंतराव व समरजित’. आणि तळाशी, चष्मा लावूनही नीट दिसू नये अशा अक्षरांत, ‘साहाय्य : घरातील मंडळी’.

घरातील मंडळी! सव्वीस वर्षं जे घोडे गुजरातभर गरगरले, त्यांचा पहिला घोडा तिने मातीत घडवला होता; त्यावरूनच हा साचा निघाला. तिचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वार. म्हणायचे, "कान मागे गेला की जनावर रागावलंय समजावं. त्याच्या मागे उभं राहू नये." ती घोडा घडवत होती तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिच्या हातांना ही घाण. हिच्या हातचं पाणी कोण पिणार?" त्याच दुपारी तिने घोड्याचा डावा कान मागे वळवला होता.

जयवंतराव बँकेतून येत आणि साच्याचे नटबोल्ट आवळत. कुणी घोड्याचं कौतुक केलं की हसत. खोटं एकदाही बोलले नाहीत, नुसते हसत. पत्रकापेक्षा ते हसू आज तिला जास्त झोंबलं.

"आणि हा कान सरळ करून घेईन हं," समरजित म्हणाला. "पोरं बिचकतात."

राजेश्वरीने पत्रकाची घडी घातली. "न्या की, भाऊजी. पण रिकामा कशाला? आत घोडा भरून देते. पाहुण्यांसमोर उघडा."

"आ थई ने वात! ही झाली ना गोष्ट!" तो खूश होऊन गेला.

साचा भरण्याआधी आतून मेणाचं पॉलिश द्यावं लागतं, एकावर एक सहा हात. ते नसलं तर माल साच्याला धरतो आणि दोन्ही एकजीव होतात. राजेश्वरीने मेणाचा डबा उघडलाच नाही. उलट होतं ते मेण पुसून काढलं आणि आतली चकाकी घासकागदाने मारली. कानाच्या खोबणीपाशी बोट थबकलं. मग तिथेही घासलं.

लेक स्नेहल दारात आली. "आई, पॉलिश राहिलं!"

"राहिलं नाही. दिलं नाही."

स्नेहलने आईचा चेहरा पाहिला आणि फायबरसाठी काचतंतूंची चटई कापायला बसली.

उद्घाटनाला हार, पेढे, दोनशे माणसं. समरजितने स्वतः बोल्ट काढले. साचा हलेना. फटीत लाकडी पाचर ठोकली, पाणी ओतलं, रबरी हातोडा मारला. पाहुण्यांत हळूच खसखस पिकली. घामाघूम होऊन तो ओरडला, "वहिनी, जरा इकडे या ने! हा का उघडत नाही?"

"मला काय विचारता, भाऊजी?" शेवटच्या रांगेतून ती म्हणाली. "मी घरातील मंडळी."

त्याने छिन्नी घातली. साच्याचा तुकडा उडाला, त्याला चिकटून डावा कानही.

समरजित आता प्लास्टिकच्या खुर्च्या विकतो. साचा त्याच्या शेडमागे पडून आहे, सावलीला कुत्री झोपतात. तो वहिनींशी बोलत नाही. स्नेहल नाशिकला असते. फोनवर रोज विचारते, "आई, मास्क लावलास का?" जयवंतरावांचा हसरा फोटो भिंतीवर आहे. राजेश्वरी त्याला हार घालते, पण त्याच्याकडे बघून हसत नाही.

सदुसष्टाव्या वर्षी तिने पुन्हा माती कालवली. नवा घोडा जवळच्या वासणा भागातल्या बागेत चक्रपाळण्यावर फिरतो, आणि पोरं पहिल्यांदा त्याच्याचकडे धावतात. त्याचे दोन्ही कान मागे आहेत.